कार्ड, लॉक आणि परवाना : छोट्या संगणक-प्रणाली ठरावीक यंत्राला बांधण्याचा प्रश्न

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि ती ज्यावर चालते ते यंत्र यांचे नाते तीन तऱ्हांचे असते. एक, प्रणाली मिळेल त्या यंत्रावर चालते. दोन, यंत्र बनवणाराच प्रणालीही बनवतो आणि दोन्ही एकत्र विकतो. तीन, प्रणाली एकाची आणि यंत्र दुसऱ्याचे, पण प्रणालीच्या मालकाने परवाना दिलेल्या यंत्राखेरीज ती कुठेच चालू द्यायची नाही, असा बंदोबस्त केलेला असतो. ही तिसरी तऱ्हा विरळा आणि सर्वांत वादाची. ज्यांचे गिऱ्हाईक हजारांत मोजावे इतके थोडे असते, त्या प्रणालींच्या वाट्याला ती अधिक येते.

तिचे नमुनेदार उदाहरण म्हणजे ॲमिगा. हा संगणक बनवणारी कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली आणि नाव, हक्क व प्रणाली हातोहात फिरत राहिली. नोव्हेंबर २००१ मध्ये तिघांचा करार झाला. नाव अमेरिकेतल्या ॲमिगा कंपनीचे, नवी चौथी आवृत्ती लिहायची बेल्जियमच्या हायपेरियनने, आणि ती चालवणारे पॉवरपीसी जातीचे बोर्ड विकायचे इंग्लंडच्या आयटेकने. ‘ॲमिगावन’ हे नाव लावण्याचा परवाना असलेल्या यंत्रांसाठीच ही आवृत्ती विकली जाणार होती. ती पूर्ण होऊन बाहेर पडली डिसेंबर २००६ मध्ये. तोवर आयटेकने बोर्ड विकणे थांबवले होते. प्रणाली तयार झाली तेव्हा ती चालवायला परवान्याचे नवे यंत्र बाजारात नव्हते. त्यापाठोपाठ ॲमिगा आणि हायपेरियन कोर्टात गेले; २००९ मध्ये तडजोड झाली आणि प्रणाली हायपेरियनकडे राहिली. दरम्यान इटलीतल्या एसीक्यूब कंपनीचे छोटे बोर्ड आले आणि ॲमिगाच्या निष्ठावंतांची सोय झाली.

पुण्यात हाच प्रश्न ऑपरेटिंग सिस्टीमपेक्षा लिपीच्या प्रणालींच्या रूपाने आला. संगणकावर देवनागरी उमटवणारे सॉफ्टवेअर ही तशी ऑपरेटिंग सिस्टीम नव्हे. पण ते कळफलक आणि पडदा यांच्या मध्ये बसते आणि त्याच्यावाचून बाकीच्या कामाला मराठीत हात घालता येत नाही, म्हणून दोन्हींच्या अडचणी सारख्याच ठरतात. वीस-पंचवीस वर्षे ते सॉफ्टवेअर आधी कार्डाला आणि मग ‘लॉक’ला बांधलेले होते.

बांधायचे कशाने

बांधणीचे प्रकार तीन. पहिला कागदाचा : परवान्यातच लिहिलेले असते की अमुक यंत्राखेरीज इतरत्र प्रणाली बसवू नये. दुसरा यंत्राच्या पोटातला : यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कायमस्वरूपी स्मृतीत एखादी खूण ठेवायची, आणि ती सापडली नाही तर प्रणालीने पुढे जायचे नाही. ॲपलने इंटेलच्या चिपांवर गेल्यानंतर असेच केले. प्रणालीचे काही भाग कुलूपबंद ठेवले, किल्ली आपल्या यंत्रातल्या एका चिपमध्ये ठेवली, आणि ती किल्ली म्हणजे ‘चोरी करू नका’ अशा आशयाचे एक विनवणीवजा वाक्य होते. तिसरा प्रकार बाहेरून लावायच्या वस्तूचा. संगणकात बसणारे कार्ड किंवा प्रिंटरच्या पोर्टला अडकवायचे काड्यापेटीएवढे लॉक.

यांशिवाय न लिहिलेली एक बांधणीही असते. प्रणाली ज्या प्रोसेसरसाठी लिहिली त्यावरच चालते आणि दुसऱ्यावर न्यायची तर पुन्हा बरेचसे लिहावे लागते. बांधून ठेवायचा कुणाचा हेतू नसतो, पण परिणाम तोच होतो. एखाद्या मालकाने जाणूनबुजून घातलेली आडकाठी आणि ही नैसर्गिक अडचण यांत गल्लत केली की चर्चा भरकटते.

सगळेच बांधलेले होते तेव्हा

हेतूशिवायची ही बांधणी हाच संगणकाच्या पहिल्या तीन दशकांचा नियम होता. सॉफ्टवेअर यंत्राबरोबर येई आणि त्याची वेगळी किंमत नसे. जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवा यांची वेगळी आकारणी करण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र विकायचा माल झाला. यंत्राला बांधणे ही जाणीवपूर्वक घेतलेली भूमिका होऊ शकली ती त्यानंतर. आधी दोन वस्तू वेगळ्या व्हाव्या लागतात, मग त्यांना बांधता येते.

या जुन्या काळाशी पुण्याचा संबंध थेट आहे. आज खराडीत संकुल असलेल्या झेन्सार कंपनीची नोंदणी १९६३ ची. ब्रिटिश संगणक-उद्योगाची ही पुण्यातली उत्पादन-शाखा. इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स इंडियन मॅन्युफॅक्चर, म्हणजे आयसीआयएम, या नावाने ती ओळखली जाई. फुजित्सूचे नाव मधल्या काळात जोडले गेले आणि झेन्सार हे नाव २००० मध्ये आले. येरवड्याहून नगर रस्त्याने विमाननगर ओलांडून खराडीला जाणाऱ्या पट्ट्यात आज सॉफ्टवेअर कंपन्यांची रांग आहे. तिथली एक कंपनी मुळात यंत्रे जोडणारी होती, हे आता फारसे कुणाच्या लक्षात नसते. आयसीआयएमच्या मूळ ब्रिटिश कंपनीच्या, म्हणजे आयसीएलच्या, १९०० मालिकेसाठी ‘जॉर्ज’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि ती त्या मालिकेबाहेर चालत नसे. त्याबद्दल कुणी तक्रारही करत नसे, कारण दुसरीकडे चालणारी प्रणाली ही कल्पनाच रुळलेली नव्हती.

या बांधणीतून सुटण्याची गरज हेच पुढे मुंबईच्या एका धंद्याचे भांडवल झाले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९७४ मध्ये सॉफ्टवेअर-निर्यातीचे पहिले काम केले. बरोज कंपनीच्या मध्यम आकाराच्या यंत्रांसाठी कोबोलमध्ये लिहिलेली रुग्णालयाची माहिती-व्यवस्था त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्ये उतरवायची होती. कंपनी एकच, भाषेचे नाव एकच, तरी एका यंत्राचा कार्यक्रम दुसऱ्यावर चालत नव्हता. आणि हे काम मुंबईत झाले ते बरोजच्या यंत्रावर नव्हे, तर आयसीएल १९०३ वर. यंत्रांच्या भिंती इतक्या उंच होत्या म्हणूनच त्या चढून देणाऱ्याला पैसे मिळाले. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास लिहिताना स्वस्त मनुष्यबळाचा उल्लेख हटकून होतो, या भिंतींचा क्वचित.

परम आणि पारस

सी-डॅक ही संस्था पुण्यात १९८८ मध्ये सुरू झाली. अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडचणी आल्यानंतर देशात महासंगणक घडवण्यासाठी ती काढली गेली आणि विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सादर झाला. त्यात ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. हे एकमेकांना थेट तारांनी जोडता येणारे प्रोसेसर, आणि त्यांच्या जाळ्यावर कार्यक्रम वाटून चालवण्याची व्यवस्था म्हणजे ‘पारस’. मूठभर वापरकर्त्यांची, एका जातीच्या यंत्राशी जन्मजात बांधलेली पुणेरी प्रणाली म्हणून पारसकडे बोट दाखवता येते.

तिचे पुढे काय झाले ते शिकण्यासारखे आहे. इन्मॉस १९८९ मध्येच एसजीएस-थॉमसनच्या ताब्यात गेली होती आणि ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडत राहिली. ज्या चिपवर प्रणाली उभी त्या चिपचाच वंश खुंटू लागला. सी-डॅकने हट्ट धरला नाही. १९९८ चा ‘परम १००००’ सन कंपनीच्या बाजारात मिळणाऱ्या यंत्रांवर आणि त्यांच्याच सोलारिस प्रणालीवर उभा राहिला. २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर प्रोसेसर आले, आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे. १९९४ मध्ये यंत्रायंत्रांत निरोप पाठवण्याचे एमपीआय हे सामाईक मानक ठरल्यावर समांतर कार्यक्रम एका महासंगणकावरून दुसऱ्यावर नेणे सोपे झाले. नाव ‘परम’ राहिले, आतले सगळे बदलले.

जिस्ट कार्ड

सी-डॅकचे सर्वसामान्यांच्या टेबलापर्यंत पोचलेले काम मात्र महासंगणकाचे नव्हते. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकावर आणण्याचे प्रयोग आधीपासून चालू होते. त्यांत काम केलेले मोहन तांबे पुण्याला सी-डॅकमध्ये आले आणि जिस्ट हा विभाग उभा राहिला. त्याचे पहिले गाजलेले उत्पादन म्हणजे जिस्ट कार्ड.

त्या काळच्या डॉस संगणकाला पडद्यावर इंग्रजी अक्षरे चौकटीत एकेक बसवता येत. जोडाक्षरे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा, आधी दिसणारी पण नंतर उच्चारली जाणारी वेलांटी हे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. जिस्ट कार्ड संगणकाच्या आत मोकळ्या खाचेत बसे आणि पडद्याकडे जाणारा मजकूर मध्येच धरी. बाइटच्या वरच्या १२८ संकेतांत भारतीय अक्षर दिसले की त्याची जोडाक्षरे, मात्रा, रफार यांसह आकृती बांधून ती पडद्यावर पाठवी. डीबेस, लोटस किंवा वर्डस्टार या कार्यक्रमांना याचा पत्ताही नसे. त्यांच्या लेखी ते नेहमीचेच बाइट. त्यामुळे मूळ कार्यक्रमात एक ओळही न बदलता मतदारयादी किंवा पगारपत्रक मराठीत करता येऊ लागले. एकच बटण दाबले की तोच मजकूर गुजराती, कन्नड किंवा बंगाली लिपीत दिसे, कारण ब्राह्मीपासून आलेल्या या लिप्यांचा वर्णक्रम सारखा आणि संकेतही त्या क्रमानेच बांधलेले.

हे काम फक्त सॉफ्टवेअरने का केले नाही, या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : त्या संगणकांना ते पेलले नसते. म्हणजे कार्ड ही मुळात तांत्रिक गरज होती. पण तिच्या पोटात दुसरा फायदा आपसूक आला. कार्डाची फ्लॉपीवर नक्कल करता येत नाही. ज्याला मराठी हवी त्याने कार्ड विकत घ्यायचे, आणि जितकी टेबले तितकी कार्डे.

आता पाहायचे ते हे की जिस्ट कार्डाने साठवलेला मजकूर ज्या संकेतांत असे, ते संकेत सी-डॅकचे गुपित नव्हते. ‘इस्की’ या नावाची ही संकेतप्रणाली उघडपणे ठरवली गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने राष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. कळफलकाची इनस्क्रिप्ट मांडणीही अशीच सरकारी मानकाची. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली होती. त्यामुळे १९९० च्या सुमाराला जिस्ट कार्डावर भरलेली यादी आज उघडायची झाली तर एक साधी तक्ता-बदली पुरते. कार्ड भंगारात गेले, ते ज्या खाचेत बसे ती खाचसुद्धा संगणकांतून गेली, मजकूर मात्र वाचता येतो.

लॉकचा जमाना

विंडोज आल्यावर पडद्यावर आकृत्या काढणे सॉफ्टवेअरच्या आवाक्यात आले आणि कार्डाची तांत्रिक गरज संपली. आर्थिक गरज उरली. तिची जागा लॉकने घेतली. पुण्यात सातारा रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक को-ऑपरेटिव्ह इस्टेटमधल्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’, बंगळूरच्या सायबरस्केपचे ‘आकृती’ ही या काळातली नावे. अप्पा बळवंत चौकातल्या लग्नपत्रिकांपासून तालुक्याच्या साप्ताहिकापर्यंत मराठी अक्षरजुळणी यांवर चाले. डीटीपीवाल्यांच्या भाषेत त्या वस्तूला डोंगल कुणी म्हणत नसे. ‘लॉक’ हाच शब्द. ते प्रिंटरच्या पोर्टला लावायचे आणि त्याच्या पाठीला प्रिंटरची वायर. सॉफ्टवेअर सुरू होताना आणि मधून मधून लॉककडे विचारणा करी. ठरलेले उत्तर आले नाही तर मराठी बंद.

छपाईच्या धंद्याला ही बांधणी नवी नव्हती. लायनोटाइपच्या मातृका मोनोटाइपवर चढत नसत. एका कंपनीचे यंत्र घेतले की तिच्या टाइपाशी लग्न लागल्यासारखेच. येरवडा कारागृह मुद्रणालय असो की वाईचे शासकीय मुद्रणालय, मोठ्या छापखान्यात यंत्र बदलणे म्हणजे अक्षरवळण बदलणे, आणि खिळे जुळवणाऱ्यांचा हात नव्याने बसवणे. फरक एवढाच की शिशाच्या खिळ्यांनी छापलेले पान छापून झाले की यंत्रापासून मोकळे होई. संगणकातली फाइल तशी मोकळी होत नाही.

आणि इथे लॉकच्या जमान्याने जिस्ट कार्डाहून वेगळी वाट धरली. विंडोजवरची ही सॉफ्टवेअरे अक्षराचा संकेत न साठवता आकृतीच्या तुकड्याचा क्रमांक साठवत. एखादे अक्षर एका तुकड्याचे, एखादे दोन तुकड्यांचे. अर्धा ‘ष’, काना, वेलांटी, वेगवेगळ्या उंचीचे रफार, प्रत्येकाला इंग्रजी अक्षरांच्या जागांपैकी एक जागा. कोणता तुकडा कुठल्या जागी ठेवायचा हे प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि कधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही वेगळे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि डॉलर-टक्क्याच्या खुणांचा खच दिसे. या दोषातून सी-डॅकचे स्वतःचे फॉन्टही सुटलेले नव्हते. मानक बनवणाऱ्या संस्थेने बाजारात उतरल्यावर बाजाराचीच रीत धरली.

त्यामुळे कडक बांधणी कोणती, याचे उत्तर दिसते त्याच्या उलट निघते. कार्ड हे लॉकपेक्षा कितीतरी अधिक यंत्रमय होते, तरी त्याने मजकूर डांबला नाही. लॉक खिशात मावेल एवढे होते, आणि त्याच्यामागे लाखो पाने अडकली. चालवण्याचा हक्क यंत्राला बांधणे ही एक गोष्ट; वाचण्याचा हक्क बांधणे ही दुसरी. कंपन्यांनी लॉक बसवले ते पहिल्यासाठी, आणि गिऱ्हाइकाला किंमत पडली ती दुसऱ्याची.

रोजच्या तक्रारी वेगळ्या होत्या. लॉक हरवले तर परवानाच हरवला, कारण परवाना म्हणजे ती वस्तूच. ते बिघडले तर बदलून येईपर्यंत काम ठप्प, आणि लग्नसराईत हे परवडणारे नव्हते. विंडोजची आवृत्ती बदलली की लॉक ओळखणारा ड्रायव्हर चालेनासा होई. पुढे नव्या संगणकांना तो रुंद पोर्टच राहिला नाही. यूएसबीची लॉके आली, पण जुने बदलून घेण्याचा खर्च वेगळा. म्हणून कित्येक छापखान्यांच्या कोपऱ्यात एक जुना, पिवळा पडलेला संगणक केवळ लॉकसाठी जपलेला असे. प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्याला हा सगळा त्रास आणि फोडलेली प्रत वापरणाऱ्याला त्यातला काहीच नाही, हा विरोधाभास त्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होता.

बांधणाऱ्याची बाजू

छोट्या प्रणालीच्या मालकाची बाजूही ऐकायला हवी, कारण ती निव्वळ लोभाची नाही. पहिले कारण नकलेचे. मराठी सॉफ्टवेअरचा बाजार इंग्रजीच्या मानाने चिमुकला. त्यात अक्षरवळणे रेखाटणाऱ्यांचे श्रम मोठे, आणि नक्कल करायला एक फ्लॉपी पुरे. लॉक नसते तर श्रीलिपीसारखी शेकडो वळणांची भांडारे उभी राहिली असती का, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. दुसरे कारण चाचणीचे. प्रत्येक नव्या चिपसाठी, प्रत्येक पडद्यासाठी ड्रायव्हर लिहावा लागतो. दहा माणसांच्या कंपनीला ते शक्य नसते. दोन-तीन ठरावीक यंत्रे निवडली की प्रणाली नीट चालण्याची हमी देता येते. तिसरे कारण सरळ पैशाचे. यंत्रामागे मिळणारी परवाना-रक्कम हेच पुढच्या आवृत्तीचे भांडवल.

अनुभव मात्र असा की चाचणीचे कारण टिकाऊ ठरते, नकलेचे निम्मेच खरे ठरते आणि पैशाचे बहुतेकदा अंगाशी येते. यंत्र बनवणे हा सॉफ्टवेअरहून निराळा, भांडवल खाणारा धंदा आहे. नेक्स्ट कंपनीने १९९३ मध्ये आपले सुबक काळे यंत्र बंद केले आणि प्रणाली इंटेलवर नेली; ती जगली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घ्यायचे ठरवल्यावर आजच्या मॅकचा पाया झाली. बी कंपनीचा बीबॉक्स हा संगणक १९९७ च्या सुरुवातीला बंद पडला. प्रणाली इंटेलवर आली, पण तोवर संगणक-उत्पादक मायक्रोसॉफ्टच्या करारांत गुंतलेले होते आणि २००१ मध्ये बी पामला विकली गेली. ॲपलने १९९५ मध्ये इतरांना मॅक बनवण्याचे परवाने दिले, आणि स्टीव्ह जॉब्स परतताच १९९७ मध्ये ते गुंडाळले, कारण परवानाधारक नवे गिऱ्हाईक आणण्याऐवजी ॲपलचेच तोडत होते. ॲमिगाच्याच कुळातली मॉर्फओएस ही प्रणाली आधी पेगासॉस बोर्डावर होती. २००९ पासून ती ॲपलच्या जुन्या, सेकंडहँड मॅक मिनीवर चालू लागली. परवाना यंत्राऐवजी प्रणालीचा, यंत्रागणिक नोंद, आणि नोंद न केल्यास अर्ध्या तासाने गती मंद. कार्डही नाही आणि लॉकही नाही, तरी पैसे मिळतात. छोट्या प्रणालींनी शोधलेल्या तोडग्यांत हा बहुधा सर्वांत शहाणपणाचा. एकॉर्नच्या रिस्क ओएसने तर २०१८ मध्ये मुक्त परवानाच स्वीकारला आणि आज ती रास्पबेरी पायवर कुणीही बसवू शकतो.

येरवड्याच्याच नावाने ओळखले जाणारे एक साधे यंत्र इथे आठवते. १९३० मध्ये गांधीजी येरवडा तुरुंगात असताना घडी करून पेटीत ठेवता येईल अशा चरख्याचे प्रयोग झाले आणि तो ‘येरवडा चक्र’ म्हणून प्रसिद्ध झाला. चरखा कुठल्याही सुताराने बनवावा, पण खादी म्हणून विकायला अखिल भारत चरखा संघाचे प्रमाणपत्र लागे. यंत्र मोकळे, शिक्का राखीव. संगणकाच्या दुनियेत ‘अमुक यंत्रावर तपासलेले’ अशी प्रमाणित यादी प्रसिद्ध करणाऱ्या लिनक्स कंपन्या हेच करतात : प्रणाली कुठेही बसवा, हमी मात्र यादीतल्या यंत्रापुरती.

कायदा काय म्हणतो

एक वस्तू हवी असेल तर दुसरीही आमच्याकडूनच घ्या, या अटीला कायद्यात जोडविक्री म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीमबाबतचा सर्वांत नेमका खटला अमेरिकेतला. डेटा जनरल कंपनी आपली आरडीओएस प्रणाली फक्त आपल्या नोव्हा यंत्रांसाठीच परवान्याने देत असे. त्यांच्याशी जुळणारी यंत्रे बनवणारी डिजिडाइन कोर्टात गेली आणि १९८४ मध्ये अपील न्यायालयाने ही जोडविक्री बेकायदा ठरवली. कॉपीराइट आहे म्हणजेच बाजारावर पकड आहे, असे तेव्हा गृहीत धरले गेले. ते गृहीतक पुढे ढासळले. पेटंटच्या बाबतीत तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते स्पष्टपणे नाकारले. फ्लोरिडाची सायस्टार कंपनी मॅकची प्रणाली बसवलेले स्वस्त संगणक विकू लागली तेव्हा २००९ चा निकाल ॲपलच्या बाजूने लागला आणि २०११ मध्ये अपिलातही तो टिकला. पंचवीस वर्षांत काटा या टोकावरून त्या टोकाला गेला.

भारतात जोडविक्रीचा उल्लेख १९६९ च्या मक्तेदारी कायद्यातही होता. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) नुसार ती स्पर्धेला लक्षणीय बाधा आणत असेल तरच निषिद्ध, आणि कलम ४ लागू होते ते प्रबळ कंपनीला. शे-दोनशे किंवा हजार-दोन हजार गिऱ्हाइकांची प्रणाली या दोन्ही जाळ्यांतून सहज निसटते. कायद्याचा बडगा बसला तो मोठ्यावर : २० ऑक्टोबर २०२२ रोजी स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या करारांवरून गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये काही निर्देश रद्द करून दंड कायम ठेवला. त्या करारांत एक अट अशी होती की अँड्रॉइडचे वेगळे वळण असलेले फोन उत्पादकाने काढू नयेत. छोटी प्रणाली स्वतःला एका यंत्राला बांधते. मोठी प्रणाली यंत्र बनवणाऱ्यालाच बांधते.

लॉकच्या प्रश्नाला जवळची तरतूद कॉपीराइट कायद्यात सापडते. स्वतंत्रपणे लिहिलेल्या कार्यक्रमाशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती सहज उपलब्ध नसेल तर ती मिळवण्याची कृती कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. दुसरीकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ संरक्षक तांत्रिक उपाय हक्कभंगाच्या हेतूने मोडणे हा गुन्हा ठरवते. जुन्या फॉन्टांचे संकेत उलगडणारे रूपांतरक पहिल्या कलमाच्या सावलीत बसतात.

फोनवरची मराठी

भारतीय भाषेची प्रणाली यंत्राला बांधण्याची हीच गोष्ट मोबाइलवर थोडक्यात पुन्हा घडली. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी मुंबईत काढलेली ‘इंडस ओएस’, मूळ नाव फर्स्टटच, ही मराठीसह भारतीय भाषांसाठी बेतलेली अँड्रॉइडची आवृत्ती होती. ती दुकानात सुटी मिळत नसे. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या आणि पुढे इतर देशी कंपन्यांच्या फोनमध्ये बसूनच येई. चिनी फोनांनी देशी उत्पादकांना मागे सारले तशी तिची यंत्रे आटली. कंपनी ॲप-दुकानाकडे वळली, ती फोनपेने घेतली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर सुरू झाले, ते कोणत्याही अँड्रॉइड फोनसाठी. २०१७ चा जिओफोन याहून कडक बांधलेला. पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर फोन, आत काय-ओएस, आणि सिम फक्त जिओचे. इथे प्रणालीला टिकवण्यासाठी यंत्र नव्हते. मोबाइल सेवेचे गिऱ्हाईक टिकवण्यासाठी दोन्ही होती.

लॉक गेल्यानंतर

संगणकावर मराठी मोकळी झाली ती कुणी लॉक काढून टाकले म्हणून नव्हे. विंडोज २००० पासून युनिकोडमधली देवनागरी प्रणालीतच आली, आणि तिच्याबरोबरचा ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला होता कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेतून त्यांचाच ‘रघू’ मुक्त परवान्याने खुला झाला, तर ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात राहिला. एकाच हाताची दोन वळणे, एक मोकळे आणि एक बांधलेले. केंद्र सरकारने २००५ पासून भारतीय भाषांचे फॉन्ट आणि साधने सीडीवर फुकट वाटायला सुरुवात केली. लॉकवाल्या कंपन्यांनीही युनिकोडची सोय दिली, तरी छपाईच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरे नीट जमत नव्हती तोवर छापखाने जुन्या फॉन्टांनाच धरून राहिले.

उरला तो साठलेला मजकूर. फॉन्टच्या तुकड्यांतून युनिकोडमध्ये नेणारा रूपांतरक लिहिणे म्हणजे नुसता तक्ता बनवणे नव्हे. जुन्या फाइलीत वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी असते, ती उचलून व्यंजनानंतर ठेवावी लागते, आणि व्यंजन जोडाक्षर असेल तर सगळे जोडाक्षर ओलांडून. रफार जुन्या फाइलीत अक्षरानंतर येतो, तो युनिकोडमध्ये ‘र्’ होऊन अक्षराआधी जातो. मध्येच इंग्रजी शब्द असेल तर तो इंग्रजी आहे हे यंत्राला कळत नाही आणि त्याचेही देवनागरी कडबोळे होते. सर्वांत चिवट चूक मराठीच्या खास ‘र’ची. रफार आणि आडवा अर्धा ‘ऱ्’ हे जुन्या फॉन्टांत दोन वेगळे तुकडे. हिंदीला दुसऱ्याची गरज नसल्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेल्या रूपांतरकात त्याची जागा रिकामी राहते किंवा तिथे रफार बसतो. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांना दिलेली सुपारी छापून येते ती आचार्यांना. अशा पानांचे मुद्रितशोधन अजून माणसालाच करावे लागते.